धक्क्यावरची वही

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर याआधी ज्यांची भाषणे झाली त्यांत संशोधक होते, कवी होते, प्राध्यापक होते. त्या मालिकेत मासे धरणाऱ्या माणसाला उभे करण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने केले, याबद्दल आभार मानावेत की काळजी व्यक्त करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी लेखक नाही. उभे आयुष्य रसायनांच्या प्रयोगशाळेत गेले. या ग्रंथालयाशी माझे नाते एवढेच की शाळकरी वयात मी इथला बालविभागाचा सभासद होतो, आणि पुस्तक वेळेवर परत न केल्याचा दंड मी कित्येकदा भरलेला आहे. आज मी एक पुस्तक नव्हे, तर सात वह्या घेऊन आलो आहे. त्या परत न्यायच्या नाहीत, इथेच ठेवायच्या आहेत. त्या वह्या कशाच्या आहेत आणि त्या ग्रंथालयात का ठेवाव्यात, हे सांगणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मी आमलीचा. सरकारी कागदावर त्या गावाचे नाव सिल्वासा. आमच्या पिढीच्या मराठी माणसाच्या तोंडी मात्र आमली हेच नाव बसले आहे. दादरा आणि नगरहवेली म्हटले की महाराष्ट्रातील श्रोत्यांना पहिली आठवण होते ती २ ऑगस्ट १९५४ ची. पोर्तुगीज सत्तेखालील त्या चिमुकल्या मुलखात मूठभर स्वयंसेवक शिरले आणि सिल्वासा मुक्त झाले. त्यांत मराठी तरुण किती होते, आणि त्या कार्यासाठी सुधीर फडक्यांसारख्या गायकाने आपला गळा आणि आपला वेळ कसा खर्ची घातला, हे आपणांस ठाऊकच आहे. पुढे पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल १९६० साली लागला आणि १९६१ साली तो मुलूख रीतसर भारतात आला. हा इतिहास गौरवाचा आहे. मी मात्र तिथे गेलो तो इतिहासासाठी नव्हे, पोटासाठी. करांच्या सवलतींमुळे तिथे कारखाने येत होते, सुताचे, प्लॅस्टिकचे, रंगांचे. १९८४ साली नदीकाठच्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात मला रसायनतज्ज्ञाची नोकरी मिळाली आणि मी दमणगंगेच्या काठी राहायला गेलो.

दमणगंगा ही नदी आपल्याच सह्याद्रीची लेक. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात ती उगम पावते, डोंगरातून वाट काढीत नगरहवेलीत उतरते, वाटेत मधुबन धरणाच्या जलाशयात विसावते, आमली आणि वापीच्या अंगावरून पुढे जाते आणि सुमारे एकशेतीस किलोमीटरांचा प्रवास संपवून दमणला अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या एका अंगाला मोटी दमणचा किल्ला आणि दीपस्तंभ, दुसऱ्या अंगाला नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला. १५५९ साली पोर्तुगीजांनी दमण घेतले ते या मुखासाठीच. गलबताला आत शिरायला आणि वादळात लपायला अशी जागा त्या किनाऱ्यावर विरळा. नानी दमणच्या किल्ल्यापाशी मासळीचा धक्का आहे. आमलीहून तो जेमतेम तीस किलोमीटर. त्या धक्क्यावर माझे सत्तावीस वर्षांचे रविवार गेले.

आमच्या मंडळाला नाव नाही. नोंदणी नाही, वर्गणीचे पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. सुरुवात झाली ती आमलीच्या बसथांब्यावर. एका रविवारी पहाटे हातात बांबूची काठी आणि खांद्यावर कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ भेटले. ते शाळामास्तर होते; मूळचे रत्नागिरीकडचे. लहानपणी खाडीवर गरवायला जाण्याची सवय, ती नोकरीच्या गावीही सुटली नव्हती. ‘गरवणे’ हा आपल्या कोकणचा किती नेमका शब्द आहे पाहा! गरी टाकून बसणे, वाट पाहणे, हाताला हिसका लागणे आणि रिकाम्या हाताने घरी येणे हे सगळे त्या एका क्रियापदात सामावलेले आहे. मास्तरांबरोबर मी त्या दिवशी गेलो. पुढे पोस्टातले एक भाऊ आले, मग एक कंपाउंडर, मग दमणमधील एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ, ज्यांची मराठी, गुजराती आणि पोर्तुगीज एकाच वाक्यात सुखाने नांदत. आणि धक्क्यावर आम्हाला भेटले ते तांडेलकाका. जातीचे मांगेला, चाळीस वर्षे मचव्यावर काढलेली, गुडघे गेल्यामुळे समुद्र सुटलेला. ते आमचे गुरू झाले. आम्ही त्यांना गुरुदक्षिणा देत असू ती चहाची.

मंडळाचे नियम चार. पहिला, धक्का पोटार्थी कोळ्यांचा आहे. होडी लागली, टोपल्या उतरू लागल्या की आपण दोर गुंडाळून बाजूला व्हायचे. दुसरा, लागलेला मासा विकायचा नाही. तिसरा, वितीपेक्षा लहान मासा परत सोडायचा. चौथा नियम मास्तरांचा: घरी जाण्यापूर्वी वही लिहायची.

श्रोत्यांपैकी ज्यांनी कधी गळ हाती धरलेला नाही त्यांना वाटते की हा आळशी माणसाचा उद्योग. मलाही तसेच वाटे. पहिले तीन महिने मला एकही मासा लागला नाही. तांडेलकाका एकदा म्हणाले, “भाऊ, तुम्ही माशाकडे बघता. पाण्याकडे बघा.” त्या एका वाक्यात सगळी विद्या होती, पण ती उलगडायला मला बरीच वर्षे लागली.

पाण्याकडे बघायचे म्हणजे प्रथम चंद्राकडे बघायचे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशोब मुंबईच्या पाण्याला लागू पडतो. दमणला पाणी त्याहून उशिरा चढते, कारण भरतीची लाट खंबायतच्या आखातात शिरत उत्तरेकडे सरकते. आखात जसजसे निमुळते होते तसतसे पाणी अधिक उंच चढते. भावनगरच्या बाजूला तर भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्याही वर जाते. दमणला इतके नाही, तरी मुंबईहून अधिक. म्हणूनच ओहोटीला धक्क्यावरून खाली पाहिले तर चिखलात कलंडलेल्या होड्या दिसतात आणि सहा तासांनी त्याच होड्या आपल्या पायांच्या पातळीला डुलत असतात.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याला एवढी ओढ असते की शिसे तळाशी ठरत नाही. दोर वाहत जातो, दगडात अडकतो आणि पाणी इतके गढूळ की माशाला आमिष दिसतही नाही. नवशिक्याला वाटते, पाणी मोठे म्हणजे मासा मोठा. जाणकार भांगाच्या दिवसांची वाट पाहतो. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद असते, गाळ खाली बसतो. त्यातही भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी वळतानाची ती स्तब्ध घटिका महत्त्वाची. बोयींचे थवे भरतीबरोबर आत शिरतात आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे येतात. तंगुसाचा दोर बोटावरून घ्यायचा, घट्ट धरायचा नाही. शिंगाळा आमिष घेतो तो उद्धटपणे, एकदम. तांबोशी आधी हलकेच चाचपते. खेकडा तर चोरासारखा कुरतडतो आणि आपण दोर ओढला की रिकामा गळ वर येतो. हे सगळे बोटाच्या पेराला कळले पाहिजे. पुढे आमच्यातल्या काहींनी चरखी लावलेल्या विलायती काठ्या आणल्या. तांडेलकाका अखेरपर्यंत हातदोरावरच राहिले आणि बहुधा आमच्यापेक्षा अधिक मासे घेऊन घरी गेले.

माशांविषयी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली शिंगाळ्याची. याच्या कण्याशी विषारी काटा असतो, म्हणून नवा माणूस त्याला शिव्या देतो. पण हा पिता म्हणून थोर आहे. मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेऊन फिरतो, पिले बाहेर पडेपर्यंत सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. खात नाही म्हणून तो गळालाही सहसा लागत नाही. जाळ्याला मात्र हा विवेक नसतो. जाळ्यात बाप आणि त्याच्या तोंडातली पुढची पिढी दोन्ही एकदम येतात. गळ आणि जाळे यांतला फरक मला या एका माशाने शिकवला. दुसरी गोष्ट जिताड्याची. खाडीचा हा राजा. जन्मतो तो नर म्हणून आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे सगळे मारले तर अंडी घालणारे कोणी उरत नाही. शिवाय याची पिले खाऱ्या पाण्यातून नदीच्या गोड्या पाण्यात वर चढतात, तिथे वाढतात आणि वीण करण्यासाठी पुन्हा मुखाशी येतात. नदीवर बंधारा पडला की त्याचा जिना मोडला. तांडेलकाका सांगत की त्यांच्या लहानपणी जिताडा पार आत, वरच्या डोहांपर्यंत जात असे.

या गोष्टी मला धक्क्यावर कळल्या. पुस्तकांत त्या पुढे भेटल्या. आणि इथे मी ग्रंथालयाच्या विषयाकडे वळतो. मास्तरांना वाचनाचा नाद होता. ते एकदा म्हणाले, “आपण करतो त्याला शास्त्रार्थ आहे. कल्याणीच्या चालुक्य राजाने लिहून ठेवला आहे.” मला ती थट्टा वाटली. ती नव्हती. तिसरा सोमेश्वर या राजाचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात राजाने करावयाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नद्यांतले मासे कोणते, त्यांना कोणते खाद्य घालावे, दोर कशाचा वळावा, काठी आणि गळ कसा असावा हे त्यात तपशिलाने दिले आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे, कारण जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि त्याचा पहिला खंड १९२५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा छापील ग्रंथ आणि आपले ग्रंथालय जवळजवळ समवयस्क. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने मत्स्यविनोदाचा अभ्यास करून प्राचीनांना माशांचे ज्ञान किती होते हे दाखवून दिले.

इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन आपल्याला अधिक ठाऊक असतो. गळ टाकण्याच्या कलेवरचे त्याचे पुस्तक १६५३ साली निघाले आणि ते आजही वाचले जाते. पण आमचा सोमेश्वर त्याच्याहून पाचशे वर्षांनी वडील! अर्थात राजाचा विनोद आणि मास्तरांचा विनोद यांत अंतर आहे. राजाच्या दिमतीला सेवक होते. आमच्या दिमतीला सकाळची एसटी. समुद्रकाठच्या धक्क्यावरून गळ टाकणाऱ्या सामान्य माणसांनी एकत्र येऊन मंडळे काढावीत ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रुजली. तिथल्या समुद्री गळकरांची ब्रिटिश संस्था १८९३ साली निघाली. त्याच वर्षी आपल्याकडे ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मला यात निव्वळ योगायोग दिसत नाही. कचेरीत आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसाला आठवड्याचा एक दिवस मिळाला, तेव्हा त्याने तो एकत्र बसण्यात घालवायचे ठरवले. कुणी पुस्तकाशी बसला, कुणी पाण्याशी. दोन्ही ठिकाणी बोलण्यापेक्षा गप्प बसण्याला महत्त्व.

आता वहीकडे येतो. मास्तरांनी शंभर पानी वही घातली तिच्या पहिल्या पानावर रकाने आखले: तारीख, तिथी, पाण्याची वेळ, वारा, पाण्याचा रंग, आमिष, लागलेले मासे, सोडलेले मासे, उपस्थिती. शेवटचा रकाना ‘विशेष’. हा ‘विशेष’ रकाना वाचण्यासारखा आहे. पोस्टातल्या भाऊंना मुलगी झाली त्या रविवारी तिथे ‘पेढे’ एवढेच लिहिले आहे. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरताना पाहिल्याच्या नोंदी आहेत. २००४ च्या ऑगस्टमध्ये दमणगंगेला मोठा पूर आला, तेव्हा धक्क्याशी वाहत आलेल्या वस्तूंची यादी आहे. आणि एका पानावर फक्त तारीख आहे, २८ ऑगस्ट २००३. त्या दिवशी भर पावसात दोन्ही दमणांना जोडणारा पूल कोसळला आणि शाळेतून घरी निघालेली मुले नदीत गेली. मास्तर शिक्षक होते. त्यांनी त्या पानावर तारखेखाली काही लिहिले नाही, आम्हालाही लिहू दिले नाही. दिवाळीपर्यंत आमच्यापैकी कुणी त्या पाण्यात गळ टाकला नाही.

परंतु ज्या पानासाठी मी आज इथे उभा आहे ते पान त्याआधीचे, १९९६ च्या डिसेंबरातले आहे. ते सांगणे मला सोपे नाही. तरी वह्या आपल्या हाती देताना ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

त्या रविवारी भांगाचे पाणी होते, थंडी होती, आम्ही मोठ्या उमेदीने गेलो होतो. ओहोटी लागली तसे नदीकडून येणारे पाणी तांबूस दिसू लागले. मग बोय दिसल्या. पोट वर करून, एकेक, दोन-दोन, धक्क्याच्या खांबांशी येऊन लागत होत्या. तांडेलकाकांनी सकाळी धरलेला मोठा तांबोशी टोपलीतून काढला, क्षणभर हातात तोलला आणि पाण्यात टाकून दिला. म्हणाले, “आज कुणी घरी नेऊ नका.” मास्तरांनी वही उघडली आणि माझ्याकडे वळून विचारले, “तुम्ही रसायन शिकलेले. हे काय असावे?”

मला ठाऊक होते. शुक्रवारच्या रात्रपाळीत आमच्या कारखान्यातील सांडपाण्याच्या टाकीची झडप उघडी राहिली होती. शनिवारी सकाळी पाळीच्या नोंदीत ते वाचून मी खाली सही केली होती. नदीत गेले ते नेमके काय, हे त्या धक्क्यावर माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. आणि मी म्हणालो, “शेवाळ असेल. हिवाळ्यात असे होते.”

मास्तरांनी वहीत लिहिले: ‘पाणी तांबूस. बोय मेलेल्या. कारण शेवाळ.’ आणि कंसात माझे नाव. त्यांची पद्धतच तशी होती. ज्याने सांगितले त्याचे नाव लिहायचे.

नोकरी जाईल ही भीती होती. घरी दोन मुले शाळेत होती, कारखान्याच्या वसाहतीत राहणे होते. ही कारणे खरी आहेत. त्यांना समर्थन म्हणण्याचे धैर्य मला आजही होत नाही. सोमवारी मी एक केले. टाकीवर रात्री स्वतंत्र माणूस नेमावा आणि झडपेला कुलूप असावे, असे लेखी मागितले, आणि ते मान्यही झाले. पुढे माझ्या कारकिर्दीत तसा प्रकार पुन्हा घडला नाही. पण वहीतले वाक्य तसेच राहिले. दर रविवारी ती वही उघडली जाई आणि त्या पानाच्या जाडीएवढे काहीतरी माझ्या आणि मित्रांच्या मध्ये असे. कुणी कधी एका शब्दाने विचारले नाही. मास्तरांना संशय आला होता का, हे मला त्यांच्या हयातीत कळले नाही.

दमणगंगेचे दुखणे एका टाकीचे नव्हते, हे आपण जाणताच. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी जाहीर केली, तेव्हा वापीचा क्रमांक अतिप्रदूषित क्षेत्रांत अगदी वरचा, अंकलेश्वरच्या पाठोपाठ होता. ती बातमी मी वाचली त्या दिवशी मला आकड्यांपेक्षा आमच्या वहीची आठवण झाली. आकडे शास्त्रज्ञांनी मोजले, तसे ते मोजलेच पाहिजेत. पण त्या नदीच्या मुखाशी दर रविवारी पाण्याचा रंग लिहून ठेवणारी पाच-सहा सामान्य माणसे होती, आणि त्यांच्या नोंदीत एक खोटे वाक्य माझ्या नावावर होते.

मास्तर २०१० साली गेले. त्यांच्या पत्नींनी वह्या माझ्या स्वाधीन केल्या, म्हणाल्या, “त्यांनी तुम्हालाच द्यायला सांगितले होते.” घरी आणून मी ते पान काढले. ‘कारण शेवाळ’ या शब्दांपुढे पेन्सिलीने एक लहानसे प्रश्नचिन्ह होते. शाईने नव्हे, पेन्सिलीने. म्हणजे खोडता यावे अशा रीतीने. चौदा वर्षे त्यांनी ते प्रश्नचिन्ह तसेच ठेवले, आणि चौदा वर्षे मला आपल्या शेजारी बसवून चहा पाजला.

२०११ साली मी निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी मी धक्क्यावर गेलो. तांडेलकाका होते, पोस्टातले भाऊ होते. मी त्यांना ते पान वाचून दाखवले आणि त्या शुक्रवारी रात्री काय झाले ते सांगितले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तांडेलकाका म्हणाले, “आम्हाला ठाऊक होते, भाऊ. शेवाळाचा वास तसा नसतो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आता वहीत लिहा.” मी पानाच्या तळाशी खरी हकिकत लिहिली, तारीख घातली, सही केली. मास्तरांचे प्रश्नचिन्ह खोडले नाही. ते तिथेच राहू दे.

सभ्य स्त्री-पुरुषहो, या वह्यांतून शास्त्रीय निष्कर्ष निघतील असा माझा दावा नाही. गळ टाकणारे कधी पाच, कधी दोन. कधी पाऊस, कधी कुणाचे लग्न. अशा नोंदींवर कुणी सिद्धांत उभारू नये. परंतु पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, लागलेल्या आणि सोडलेल्या माशांची नावे अशा साध्या गोष्टी सातत्याने लिहिणारे आपल्याकडे किती आहेत? पहिल्या वहीत जिताड्याचे नाव सहजपणे येते. शेवटच्या वहीत ते आले की मास्तरांनी त्याखाली रेघ ओढलेली दिसते. तेवढ्या रेघेतून एका नदीची गोष्ट कळते. तांडेलकाकांच्या तोंडची पाण्याची, वाऱ्याची, माशांची मांगेली नावे मास्तरांनी कानाला लागतील तशी टिपून ठेवली आहेत. तांडेलकाका आता नाहीत. त्यांची नातवंडे शिकून नोकरीला लागली. ती ते शब्द बोलत नाहीत. कोशकारांना उद्या हवे असतील तर ते या वह्यांत मिळतील.

दिवस बदलत आहेत, आणि सगळेच वाईट बदलत आहे असे मी म्हणणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, यांत्रिक नौकांना बंदी असते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा धरू नये असा नियम झाला. गुजरातने त्याच वर्षी घोळ माशाला राज्यमासा केले. ‘वितीपेक्षा लहान मासा सोडायचा’ हा आमच्या मंडळाचा तिसरा नियम राजपत्रात आलेला पाहून मास्तर खूष झाले असते. त्यांनी वहीत ‘विशेष’मध्ये नक्की लिहिले असते. २६ जानेवारी २०२० पासून आमली आणि दमण एकाच केंद्रशासित प्रदेशात आले. नदी ज्या गावावरून वाहते आणि ज्या गावी समुद्राला मिळते ती दोन्ही गावे आता एकाच कारभाराखाली आहेत. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाला कसे पोचते, हे पाहण्याची जबाबदारी आता निदान तेवढ्या टप्प्यात तरी दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

आमचे मंडळ जवळजवळ संपले. आता मी आणि पोस्टातले भाऊ असे दोघेच अधूनमधून जातो. मागच्या हिवाळ्यात एक कॉलेजात जाणारा मुलगा धक्क्यावर भेटला. हातात चकचकीत काठी, पण शिसे उधाणाच्या ओढीत वाहून जात होते. मी त्याला म्हणालो, “बाळ, अष्टमीला ये.” तो आला. तिसऱ्या खेपेला त्याने विचारले, “काका, तुम्ही वहीत काय लिहिता?” आठवी वही त्याच्याकडे आहे. ती पूर्ण झाली की तीही त्याने इथे आणून द्यावी, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.

ग्रंथपालांना माझी एकच विनंती आहे. या सात वह्या कोणत्या विषयाखाली ठेवायच्या हे आपण ठरवावे. मत्स्यशास्त्र म्हणा, प्रवासवर्णन म्हणा, नाहीतर किरकोळ म्हणा. पण त्या कपाटात बंद न करता वाचायला ठेवाव्यात, आणि १९९६ च्या डिसेंबरातले पान कुणी विचारले तर ते दाखवावे. ग्रंथालयात शंभर वर्षे पुस्तके जपली जातात ती केवळ सुंदर लिहिले म्हणून नव्हे. कुणी काय पाहिले आणि ते खरे सांगितले की नाही, हे पुढच्या माणसाला पडताळून पाहता यावे म्हणूनही ती जपली जातात. माझे खरे पंधरा वर्षे उशिरा आले. शाळकरी वयात या ग्रंथालयाने माझ्याकडून उशिराचा दंड घेतला होता. हाही दंड आपण भरून घ्यावा, अशी प्रार्थना करतो.